सोसायटीच्या हॉलमध्ये गुडघ्याची इंजेक्शनं कोणाला विचारून?

बी-३०४: सेक्रेटरी, गेटवर गुडघ्याच्या शिबिराचा फलक लागलाय, "एकच इंजेक्शन, गुडघा नवा, जागेवर सवलत". याला आपला हॉल कोणी दिला? गादी विकणाऱ्यांना हॉल दिला तेव्हा काय झालं ते विसरलात वाटतं.

सेक्रेटरी: वहिनी, विषय मिटिंगमध्ये झाला होता. तुम्ही नव्हता. हॉल फक्त तपासणीसाठी दिलाय.

बी-३०४: फलकावर इंजेक्शन लिहिलंय. चष्मा लावून वाचा.

ए-४०१: बी विंगची लिफ्ट कधी चालू होणार?

ए-१०२ डॉक्टर: कुठलं इंजेक्शन, ते विचारलंत का? गुडघ्याच्या झिजेवर मुख्यतः तीन वेगळी दिली जातात. एक स्टेरॉइड, म्हणजे ट्रायमसिनोलोन किंवा मेथिलप्रेडनिसोलोन, बहुधा ४० मिलीग्रॅम. सुजलेल्या गुडघ्याला लवकर आराम, पण काही आठवड्यांपुरताच. दुसरं हायलुरोनिक ॲसिड, ज्याला सगळे जेल म्हणतात. तिसरं पीआरपी, म्हणजे आपलंच रक्त यंत्रात फिरवून वेगळा काढलेला प्लेटलेट्सचा भाग. झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, यातलं एकही परत आणत नाही. "नवा" कुठून आला?

सी-२०१ फार्मसी: काउंटरवर लोक जेलला वंगण म्हणतात. "गुडघ्याचं ग्रीसिंग करायचंय" 😄

ए-४०१: लिफ्टचंपण ग्रीसिंग करा.

सी-२०१ फार्मसी: जेल एकदाच ६ मिली टोचायचं मिळतं, नाहीतर २ मिलीची तीन, आठवड्याला एक. काही ब्रँड कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढलेले असतात, काही जिवाणूंपासून. अंडी-कोंबडीची ॲलर्जी असेल तर आधी सांगायचं.

सी-३०२: तुऱ्याचं श्रावणांत चलता मगीर? 😂

बी-३०४: थट्टा पुरे. शुगरवाल्यांचं काय?

ए-१०२ डॉक्टर: स्टेरॉइडनंतर शुगर चढते. पहिले दोन-तीन दिवस जास्त, कधी आठवडाभर. घरच्या मशीनवर रोज बघायची. इन्सुलिन चालू असेल तर डोसचं आधीच ठरवून घ्या. शुगर मुळातच हाताबाहेर असेल तर इंजेक्शन पुढे ढकला. आणि तेच स्टेरॉइड त्याच गुडघ्यात तीन महिन्यांच्या आत पुन्हा नको. २०१७ च्या एका चाचणीत १४० जणांना दर १२ आठवड्यांनी, दोन वर्षं, कोणाला ट्रायमसिनोलोन तर कोणाला नुसतं सलाइन दिलं. दुखण्यात फरक नाही, कूर्चा मात्र स्टेरॉइडवाल्यांची जास्त झिजली.

सी-३०२: मग पीआरपीच बरं. आपलंच रक्त, नैसर्गिक.

ए-१०२ डॉक्टर: नैसर्गिक आहे, बिलही नैसर्गिकपणे वाढतं. ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर तुलना झाली, निकाल २०२१ मध्ये आला. आठवड्याला एक अशी तीन. वर्षभरानंतर पीआरपी आणि सलाइन यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. काही लहान अभ्यासांत फायदा दिसलाय, पण प्रत्येकाची रक्त फिरवायची पद्धत वेगळी. जेलचंही तसंच. अमेरिकेची अस्थिरोगतज्ज्ञांची संघटना ते सरसकट द्या म्हणत नाही.

सेक्रेटरी: हॉल स्वच्छ आहे. कालच फिनाईलने पुसून घेतला.

ए-१०२ डॉक्टर: भाई, प्रश्न लादीचा नाही. सुई बहुतेकदा वाटीच्या वरच्या बाहेरच्या कडेखालून जाते. तिथे क्लोरहेक्झिडिन लावून ते पूर्ण सुकू द्यायचं, पुसायचं नाही. मग निर्जंतुक हातमोजे. आत पाणी असेल तर आधी ओढून काढायचं. ते गढूळ आलं तर स्टेरॉइड टोचायचंच नाही, नमुना लॅबला. सुई सांध्यात असेल तर औषध सहज सरकतं. पिस्टनवर जोर लागला तर टोक चरबीत किंवा स्नायूच्या दोरीत अडकलंय. हे पंख्याच्या वाऱ्यात, पंगतीच्या टेबलावर?

बी-३०४: मी काय म्हणत होते?

ए-४०१: लिफ्ट?

सेक्रेटरी: काका, पार्ट यायचाय. तीनदा सांगितलं.

बी-१०३ फिजिओ: इंजेक्शननंतर दोन दिवस जिना कमी, गुडघ्यावर बर्फ फडक्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं. पुढे आराम पडला की मांडीचा व्यायाम लगेच सुरू. पाठीवर झोपून एक पाय सरळ, वीतभर वर, ५ मोजून खाली. दहाच्या तीन फेऱ्या. दुखणं कमी झालं म्हणून व्यायाम सोडतात, इथेच सगळं फसतं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.

ए-४०१: लिफ्ट असती तर हे लागलं नसतं.

ए-१०२ डॉक्टर: पहिला-दुसरा दिवस दुखणं वाढू शकतं. पण गुडघा लाल, गरम, ताप, पाय टेकवत नाही, किंवा तिसऱ्या दिवशीही वाढतंच आहे, तर त्याच दिवशी गोमेकॉची, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची, कॅज्युअल्टी. सांध्यात पू झाला तर कूर्चा काही दिवसांत खलास. सांधा बदलायची तारीख तीन महिन्यांत असेल तर स्टेरॉइड घेऊच नका, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

सी-३०२: वहिनी, फलक तुम्हीच काढा ना, फार तळमळ आहे तर.

बी-३०४: वर्गणी वेळेवर भरणाऱ्यांनी बोलावं.

सेक्रेटरी: व्यक्तिगत नको, प्लीज 🙏 मी आता शिबिरवाल्यांना फोन केला. औषधाचं नाव विचारलं तर "इंपोर्टेड आहे" एवढंच सांगतात. टोचणार कोण, तेही सांगत नाहीत. हॉलचं बुकिंग रद्द.

सी-२०१ फार्मसी: नाव, बॅच, एक्सपायरी बॉक्सवर असतेच. बॉक्स समोर फोडायला लावायचा आणि स्टिकर आपल्या फाइलीत चिकटवून घ्यायचा.

बी-३०४: देव बरें करूं, सेक्रेटरी. फलक संध्याकाळपर्यंत काढा.

ए-४०१: लिफ्टचा पार्ट?

सेक्रेटरी: तोपण इंपोर्टेड आहे काका.