टॅरेंटुलासाठी पाणी आणि घर कसं असावं? मदत हवी आहे (नेरुळ)

खाडीकिनारी

नमस्कार मंडळी.

माझी मुलगी मर्चंट नेव्हीत आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती सहा महिन्यांसाठी बोटीवर गेली आणि जाताना तिची टॅरेंटुला, म्हणजे मोठी केसाळ कोळीण, माझ्या हवाली करून गेली. जात कर्ली हेअर, मूळची मध्य अमेरिकेतली. मादी आहे, वय पाचेक वर्षं, पाय पसरले की पाच इंच भरते. अंगभर विस्कटलेले सोनेरी-तपकिरी केस, म्हणून घरात तिचं नाव झिपरी. मुलगी घरी असायची तेव्हा मी लांबूनच बघायचे. आता रात्री झोपण्याआधी तिला पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मुलीने तिला फूटभर लांबीच्या बुटक्या अॅक्रिलिकच्या डब्यात ठेवलं होतं आणि तिथे ती छान होती. जुलैत आमच्या बेडरूमच्या छताला ओल आली, एक मोठा पोपडा सुटून डब्यावर पडला आणि झाकण तडकलं. झिपरीला काही लागलं नाही. पण डबा बदलणं भाग होतं आणि मुलीचा फोन लागत नव्हता, ती भर समुद्रात. म्हणून जवळच्या एका पाळीव प्राण्यांच्या दुकानात विचारलं. त्यांच्या सांगण्यावरून घरातली जुनी माशांची टाकी काढली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, पंधरा इंच उंच. तळाला दोन इंच कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर तारेची जाळी. पाण्याच्या वाटीत स्पंज ठेवा, नाहीतर कोळी बुडतो, असं त्यांनी सांगितलं. शिवाय दिवसातून दोनदा आत पाणी फवारायचं. हे सगळं मी बारा दिवस मनापासून केलं.

आता परिस्थिती अशी आहे. कोकोपीटवर कापसासारखी पांढरी बुरशी आली आहे. स्पंजला वास येतो. झिपरी जमिनीवर बसतच नाही, रात्रभर काचेवर चढते आणि जाळीला लटकते. परवा रात्री दीड वाजता खडखड ऐकू आली म्हणून उठले, तर तिचा एक पाय जाळीच्या तारेत अडकला होता. दोन पायांनी जाळी धरलेली, बाकीचे पाय हवेत काहीतरी शोधत होते. हात लावायची हिंमत झाली नाही. जाळीचा कोपरा उचलून तिच्या खाली जाड टॉवेलाची घडी सरकवली आणि टाकीशेजारी बसून राहिले. वीसेक मिनिटांनी नखी सुटली आणि ती टॉवेलावर पडली. बराच वेळ हलली नाही. मग सावकाश कोपऱ्यात गेली.

त्यात तिचं पोट मला लहान झालेलं वाटतंय. तीन आठवडे काही खाल्लेलं नाही. मांजर तहानली तर भांड्यापाशी येऊन ओरडते. या मुक्या जिवाला तहान लागली हे ओळखायचं कसं?

पाणी कशात आणि किती ठेवू, स्पंज हवा की नको, फवारणी चालू ठेवू का, ही टाकी तिच्यासाठी योग्य आहे का, एवढं सांगा. आणि संध्याकाळी सोसायटीत डासांसाठी धुराची गाडी येते. आम्ही दुसऱ्या मजल्यावर आहोत, त्याचाही घोर लागलाय.

मातीतला

ताई, आधी उंची कमी करा, बाकी सगळं नंतर. कर्ली हेअर जमिनीवर राहणारी जात आहे. अंगाने जड असते आणि पोटाची कातडी पातळ असते. पंधरा इंचांवरून कडक वस्तूवर पडली तर पोट फाटतं आणि मग वाचणं कठीण. टॉवेल ठेवलात ते फार बरं केलंत. मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर तिच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीच्या आत हवं. म्हणजे तुमच्याकडे सात इंच. टाकी टाकून द्यायची गरज नाही, कोकोपीटच आठ-नऊ इंच भरा. तिला बीळ करायलाही जागा मिळेल.

जाळी आजच काढा. टॅरेंटुलाच्या पायाच्या टोकाला बारीक नखं असतात, ती तारेत अडकतात आणि ओढाताणीत पाय तुटतो. अॅक्रिलिकची पाटी बनवणाऱ्यांकडून टाकीच्या मापाचा तुकडा कापून घ्या आणि त्याला तीन-तीन मिलिमीटरची भरपूर भोकं पाडून घ्या. त्यावर वजन ठेवायला विसरू नका, त्या झाकण उचलू शकतात.

आता पाणी. स्पंज फेकून द्या. त्यात मेलेल्या किड्यांचे तुकडे आणि जंतू साठतात, आणि कोळ्याला तो चोखून पाणी पिता येतं हा गैरसमज आहे. त्याला उघडं पाणी लागतं. उथळ बशी ठेवा, तीन इंच रुंद, अर्धा-पाऊण इंच खोल. एवढ्यात ती बुडत नाही. चिनी मातीची असेल तर उत्तम, जड असते, उलटत नाही, घासून धुता येते. पणती नको, ती पाझरते आणि खालची माती कायम चिकट राहते. नळाचं पाणी चालतं.

तहान ओळखायची खूण सोपी आहे. वरून बघा. पाय जिथून फुटतात तो पुढचा भाग आणि मागचं पोट, दोन्ही साधारण सारखे किंवा पोट थोडं मोठं असेल तर ठीक. पोट पुढच्या भागापेक्षा लहान आणि सुरकुतलेलं असेल तर पाणी कमी पडतंय. कोळ्याचे पाय आतल्या द्रवाच्या दाबाने सरळ होतात, सरळ करायला मोठ्या सांध्यांत स्नायू नसतात. अंगातलं पाणी घटलं की दाब जातो आणि पाय पोटाखाली मुठीसारखे मिटतात. उभ्या अवस्थेत असे मिटलेले दिसले तर तातडीने तिचं तोंड बशीच्या काठाशी पाण्याला टेकेल असं ठेवा. फक्त तोंड. श्वासाची छिद्रं पोटाच्या खालच्या बाजूला असतात, ती बुडता कामा नयेत.

पण ती पाठीवर उताणी पडलेली दिसली तर हात लावू नका! ती कात टाकत असते, मेलेली नसते. खूप जण इथेच घाबरून तिला सरळ करतात आणि जीव जातो.

फवारणी बंद. जुलैत नेरुळच्या हवेत ओल काय कमी असते का? काचेच्या टाकीला बाजूने हवा नाही, त्यात दोनदा पाणी मारलं तर बुरशी येणारच. तिला दमट हवा कोंडलेली नको असते, म्हणून ती वर चढत होती. नवीन कोकोपीट भिजवून मुठीत घट्ट पिळा. थेंब पडला नाही तरी गोळा टिकला, की तेवढी ओल पुरे. ते दाबून भरा, वरचे दोन इंच सुकू द्या. पुढे कधी खूप कोरडं वाटलं तर एका कोपऱ्यात थोडं पाणी ओतायचं, तळ ओला आणि वर कोरडं.

गवतीचहा

मला स्वतःला कोळ्यांची भयंकर भीती वाटते, तरी वाचत गेले. काकू, एवढा त्रास होत असेल तर खारघरच्या टेकडीवर नाहीतर येऊरच्या जंगलात सोडून द्या ना. तिलाही मोकळीक मिळेल.

सह्यवाट

गवतीचहा, तुमचा हेतू चांगला आहे, पण हे करू नये. ही मध्य अमेरिकेतली जात आहे. आपल्या सह्याद्रीत स्वतःच्या टॅरेंटुला आहेत, बिळात राहणाऱ्या आणि झाडाच्या ढोलीत राहणाऱ्याही. त्यांच्यात परका प्राणी आणि त्याचे रोग सोडणं बरोबर नाही. आणि उलटही तितकंच खरं, जंगलातला कोळी उचलून घरी आणू नये. येऊर तर राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

खाडीकिनारी, एक कागदपत्राची गोष्ट. कर्ली हेअर साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये येते. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी करावी लागते. त्याचे नियम २०२४ मध्ये आले, अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होतो. मुलीने केली असेलच, फक्त कागद कुठे आहे ते विचारून ठेवा. केली नसेल तर वनविभागाच्या कार्यालयात विचारा.

धुराबद्दल तुमची काळजी रास्त आहे. डासांच्या औषधात बहुतेक पायरेथ्रॉइड असतात, ती किड्यांना मारतात तशीच कोळ्यालाही. गाडीचा आवाज आला की खिडक्या बंद, टाकी आतल्या खोलीत, वर सुती चादर, आणि वास जाईपर्यंत तशीच राहू द्या. त्या खोलीत मच्छरांचं मशीन, कॉइल, झुरळांचा खडू काही नको. घरातलं झुरळ तर तिला चुकूनही घालू नका, ते कुठलं औषध खाऊन आलंय सांगता येत नाही.

खाडीकिनारी

खूप आभार. तुमचं वाचून आधी जाळी काढली. अॅक्रिलिकचं झाकण दोन दिवसांनी मिळालं, तोवर तिला जुन्याच डब्यात ठेवलं, तडा चिकटपट्टीने बंद करून.

हलवताना काय केलं ते लिहिते, कुणाला उपयोगी पडेल. पारदर्शक श्रीखंडाचा डबा तिच्या पुढ्यात आडवा धरला आणि मुलीच्या रंगपेटीतल्या मऊ ब्रशने मागच्या पायाला हलकेच स्पर्श केला. ती दोन पावलं पुढे सरकली, थांबली, मग स्वतःच आत गेली. जाता जाता मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवले. मनगटावर खाजकुइली लागल्यासारखी आग झाली, दुसऱ्या दिवसापर्यंत पुरळ होतं. पुढच्या वेळी पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे. मुलीने चष्मा घालायला सांगून ठेवलं होतं, तेवढं पाळलं हे बरं झालं.

आता टाकीत साडेआठ इंच कोकोपीट आहे. लपायला नारळाची करवंटी घासून, उकळून, मंद आचेवर तव्यावर सुकवून ठेवली. तिच्या तोंडाशी बोटभर खोल खड्डा करून दिला. दुसऱ्या कोपऱ्यात चटणीची पांढरी बशी, पाण्याने काठोकाठ.

आणि काल रात्री ती पाणी प्यायली! पावणेबारा वाजले होते, दिव्यावर लाल कागद लावून मी बसले होते. करवंटीतून आधी दोन पाय बाहेर आले. बशीच्या काठावर पुढचा पाय ठेवला, पाण्याला लागल्याबरोबर मागे घेतला, परत ठेवला. मग पुढचा सगळा भाग खाली झुकवून तोंड पाण्यात टेकवलं आणि थांबली. पूर्ण स्थिर. मला वाटलं काही झालं की काय. पण तोंडाजवळ पाण्यावर अगदी बारीक थरथर दिसत होती. बारा मिनिटं ती तशीच होती. आज सकाळी पोटावरच्या सुरकुत्या मला कमी वाटल्या, मनाचे खेळ असतील तर माहीत नाही.

खाण्याचं काय करू? रातकिडा टाकला तर ती मागे सरकते.

मातीतला

बारा मिनिटं म्हणजे चांगलीच तहानली होती. मनाचे खेळ नाहीत, भरपूर प्यायली की एका रात्रीत फरक दिसतो.

खाण्याची घाई करू नका. मोठी मादी महिनोनमहिने उपाशी राहू शकते, पाण्याशिवाय नाही. रातकिडा रात्रभर आत ठेवू नका, सकाळी काढा. पोटावर केस उडून टक्कल पडलेली जागा आहे का? तिचा रंग गडद, काळपट होत चाललाय का?

खाडीकिनारी

हो, पाठीमागे एक रुपयाएवढी जागा आहे. जूनच्या फोटोत ती फिकट गुलाबीसर दिसते, आता जवळजवळ काळी. आणि आज सकाळी करवंटीचं तोंड तिने आतून माती आणि जाळं लावून बंद करून टाकलंय. बशीत मूठभर कोकोपीट पडलेलं होतं. बशी रोज उचलून धुवायची की तिला त्रास होईल?

मातीतला

मग कात टाकायची तयारी आहे, काळपट डाग हीच खूण. करवंटी उचलून बघू नका, उकरू नका, खायला काहीही टाकू नका. कात टाकताना अंग इतकं मऊ असतं की एक रातकिडाही तिला कुरतडू शकतो. दिवस लागतील नाहीतर आठवडे, थांबा. बशी मात्र रोज भरा, आवाज न करता. कात टाकून झाल्यावर तिला सगळ्यात आधी पाणीच लागेल. त्यानंतर किमान दहा-बारा दिवस खाणं नाही. तेव्हा दात पांढरे असतात, ते काळे झाले की मग द्या. दिसावेत म्हणून तिला उचलू मात्र नका.

खाडीकिनारी

आज सोळावा दिवस. काल मुलीच्या बोटीला बंदरावर नेटवर्क मिळालं. तिला सगळं सविस्तर सांगितलं, झाकणाचे आणि बशीचे फोटो पाठवले. नोंदणीचा कागद तिच्या कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये आहे, मिळाला. तिचा उलटा निरोप एवढाच: "आई, कात मिळाली तर टाकू नकोस, मी येईपर्यंत ठेव."

आणि आज पहाटे करवंटीच्या तोंडाशी माती बाजूला सारलेली दिसली. बाहेर चुरगळलेलं काहीतरी पडलंय, आठही पायांसकट, ओलसर. झिपरी आत आहे, एक पाय दिसतोय, रंग एकदम गडद आणि केस नवे. बशी नुकतीच भरली आहे. ही कात आत्ताच काढून घेऊ का, आणि पसरायची कशी?

सह्यवाट

अभिनंदन! ती करवंटीत आत असेल तेव्हा लांब चिमट्याने काढा. हातमोजे घाला, कातीवरचे केसही खाजतात. वाळली की ठिसूळ होते आणि पाय मोडतात, म्हणून आजच करा. वाळली असेलच तर झाकणाच्या डब्यात ओल्या टिश्यूवर रात्रभर ठेवा, मऊ पडते. थर्माकोलवर ठेवून पाय टाचण्यांच्या आधाराने पसरा आणि पंख्यापासून दूर दोन दिवस सुकू द्या. मुंग्यांपासून जपा, पावसाळ्यात लगेच लागतात. नंतर काचेच्या झाकणाच्या पेटीत, सोबत सिलिकाची एक पुडी.