मुलांच्या हातांना काम : घरातल्या-शेतातल्या वस्तूंतून तुमच्याकडे काय बनलं?

आई, आर्वी तालुका (वर्धा)

मुलगा दहाचा, मुलगी सातची. आमच्याकडे एप्रिल अर्धा उलटला की सकाळी अकरालाच दार लोटून घ्यावं लागतं. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि शाळा उघडते थेट जूनअखेरीस. मागच्या वर्षीच्या सगळ्या दुपारी मोबाइलनं खाल्ल्या. यंदा मी छपरीत एक टोपलं ठेवलं. त्यात तुराट्या, चिंध्या, चिंचोके, सीताफळाच्या बिया, जुन्या लग्नपत्रिका, रिकाम्या काडेपेट्या आणि कापूस वेचल्यावर पऱ्हाटीवर राहतात ती रिकामी बोंडं आहेत. ती बोंडं वाळली की लाकडी फुलासारखीच दिसतात.

पहिल्याच दिवशी मुलीनं बोंडाची कोंबडी केली. एकच पाय लावला होता. मी प्रेमानंच दुसरा पाय चिकटवून दिला. तिनं ती कोंबडी टोपल्यात ठेवली आणि चार दिवस टोपल्याकडे फिरकली नाही. ते मनाला लागून राहिलं आहे. तुमच्या घरी काय बनलं, काय जमलं, काय चुकलं, मोकळेपणानं सांगा. विकतचं सामान मात्र नको.

आजोबा, मेहकर तालुका (बुलढाणा)

मी सांगून राह्यलो, नातू लिहून राह्यला.

आमच्या लहानपणी खेळणं इकत आणाचं ठाऊकच नव्हतं. ज्वारीचा वाळला धांडा घ्याचा, साल सोलून काढाची, आतला पांढरा मऊ गाभा येगळा ठेवाचा. गाभ्याचे तुकडे म्हणजे सांधे. सालीची काडी त्यात खुपसली का बसली. खिळा नाही, डिंक नाही. तेवढ्यात बंडी होते, तिचं जू होते, चष्मा होते, तराजू होते. चाक गोल होत नाही, चौकोनीच होते, पण पोराले ते फिरताना दिसते.

एक ध्यानात ठेवा, धांड्याची साल पात्यावानी कापते. लहान पोरं असली तर सोलाचं काम मोठ्यानं करावं, जोडाचं त्याईच्यावर सोडावं.

आता सोयाबीन आलं तसा धांडा गेला. सोयाबीनच्या कुटाराचं, म्हंजे भुश्याचं, काय खेळणं करता? म्हणून मी धुऱ्याच्या कडेनं दोन ओळी ज्वारी टाकतो. पाखरं खाऊन उरली ते आमची, अन् धांडे नातवाचे.

शेतकरी, दारव्हा तालुका (यवतमाळ)

ताई, बोंडांबद्दल एक गोष्ट मनावर घ्या. पूर्ण उमललेली, कोरडी बोंडंच घरात आणा आणि तीही चांगलं ऊन दाखवून. न उमललेल्या बोंडांत शेंदरी बोंडअळी दडून राहते. तिच्यामुळेच पऱ्हाटीचे ढीग घराजवळ साठवू नका असं कृषी विभागाचे लोक दरवर्षी सांगतात. पोरांच्या टोपल्यातून ती पुढच्या हंगामात जायला नको.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. गाड्यांच्या चाकांसाठी झाकणं लागतात आणि आमच्या पोरांना सगळ्यात आधी दिसतात ती फवारणीच्या औषधांच्या बाटल्यांची. त्याला हातही लावू देऊ नका, कितीही धुतलं तरी. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. ते ज्यांनी जवळून पाहिलं ते हे सांगितल्याशिवाय राहूच शकत नाहीत. चाकं हवी असतील तर नारळाची करवंटी घासा, नाहीतर कच्च्या भोपळ्याच्या चकत्या कापा. दोन दिवस टिकतात, तेवढं पुरतं.

आई, वणी तालुका (यवतमाळ)

आमची गोष्ट पोळ्याची. मुलगा आठ वर्षांचा. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, त्याला स्वतःच्या हातचा बैल न्यायचा होता. शेतातली काळी माती आणली, भिजवली, सुंदर बैल झाला. दुसऱ्या दिवशी पाठीवर भेग. परत केला, परत भेग. तिसऱ्यांदा पाय गळून पडले तेव्हा तो रडला आणि मी लाकडी बैल आणायला निघाले होते.

सासूबाई म्हणाल्या, "थांब, कुंभाराकडे ने त्याला." आम्ही गेलो. त्या काकांनी त्यालाच विचारलं, "उन्हाळ्यात तुमच्या वावराला भेगा पडतात का नाही?" तो म्हणाला, "पडतात, माझा पाय जाते त्यात." "मग तीच माती बैलात आहे ना बाळा. ती पाण्यानं फुगते अन् वाळली का आक्रसते." त्यांनी तळ्यातली गाळाची माती दिली, थोडी चाळलेली रेती आणि बारीक कुटार मिसळायला सांगितलं. पाय जाड कर, एकसारखं मळ, ओल्या फडक्याखाली सावलीत हळूहळू वाळव, उन्हात ठेवू नको. हे सगळं त्यांनी मुलाला सांगितलं. माझ्याकडे पाहिलंही नाही आणि ते बरंच झालं.

चौथा बैल टिकला. एक शिंग आखूड होतं. मी काही बोलले नाही. त्यानं गेरू लावला, चिंध्यांची झूल केली, बेगड म्हणून चहापुडीचा आतला चमचमता कागद.

गावात बक्षिसं मोठ्या, विकतच्या, लाकडी बैलांना मिळाली. त्याचा चेहरा पाहवत नव्हता. पण मुलं बोजारा (पोळ्याची ओवाळणी) मागायला घरोघर निघाली तेव्हा शेजारच्या आजींनी आधी त्याच्या मातीच्या बैलाला ओवाळलं, त्याचे पाय धुतले नाहीत, म्हणाल्या "विरघळून जाईन रे बाप्पा तो." आणि सगळ्यांत आधी पैसे त्याच्या हातावर ठेवले. तो बैल अजून देव्हाऱ्याशेजारी आहे.

ताई, तुमच्या मुलीला त्या कोंबडीबद्दल एकदा विचारून पाहा.

जिल्हा परिषद शिक्षक, चंद्रपूर जिल्हा

अरविंद गुप्ता यांचं काम ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जरूर पाहावं. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करण्यात त्यांनी आयुष्य घातलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा एक खेळ आमच्या वर्गातून मुलांच्या घरी गेला. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी पंक्चरवाल्याकडे स्वस्तात मिळते. तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि गूल खरवडलेल्या काड्या दोन्ही टोकांतून घालायच्या. तिसरी काडी जोडायची तर मध्ये बाभळीचा काटा टोचून भोक पाडायचं.

चौकोन केला की दाबल्यावर तिरपा होतो. त्रिकोण हलत नाही. मी हे फळ्यावर कधी सांगितलं नाही. एक मुलगी घरून येऊन म्हणाली, "सर, म्हणूनच आमच्या छपराच्या लाकडांत तिरपी लाकडं आहेत."

मावशी, साकोली तालुका (भंडारा)

आमच्याकडे धान, म्हणून तनस भरपूर. तनसीच्या पेंडीला तीन गाठी मारल्या की बाहुली.

रंगासाठी पळसाची फुलं रात्रभर भिजवतो, पिवळा-केशरी निघतो. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खायचा चुना पडला की लाल होतं, ते पाहायला गल्लीतली सगळी पोरं जमतात. चुना मात्र मोठ्यानंच टाकावा, डोळ्यात गेला तर फार वाईट. कडुनिंबाची काडी एका टोकाला ठेचली की ब्रश. मागची भिंत पोरांना देऊन टाकली आहे, दिवाळीला शेणामातीनं सारवली की पुन्हा कोरी.

बाबा, सेलू तालुका (वर्धा)

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. हस्तोद्योगातून शिक्षण ही गोष्ट तिथूनच देशभर गेली. आमच्या घरी त्यातली उरली ती आजीची सूत कातायची टकळी. माझा मुलगा स्वतःच्या वावरातला कापूस घेऊन बसतो. सरकी बोटांनी काढतो, पेळू वळतो. पहिले आठ दिवस सूत तुटतच होतं. मी दोनदा टकळी हातात घेतली, दोनदा आईनं माझा हात बाजूला केला. आता त्याचं सूत जाडंभरडं निघतं. राखीपौर्णिमेला त्यानं बहिणीच्या हाती त्याच सुताची गुंडी दिली, तिनं त्यातूनच राखी केली.

मुलगा शिवतोही. बाहुलीचे कपडे, फाटलेली पिशवी. पाहुण्यांतल्या एकानं "पोरीचं काम" म्हटलं, तेव्हा मीही सुई घेऊन त्याच्याजवळ बसलो.

आई, आर्वी तालुका (वर्धा)

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, बोंडं आज उन्हात घातली आहेत, न उमललेली चार निघाली ती जाळली.

वणीच्या ताई, दुपारी मुलीला विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग माझा चिकटवलेला पाय तिनं हळूच उपटला आणि कोंबडी खिडकीत ठेवली. म्हणाली, "आई, ती झोपली होती ना. झोपताना एक पाय पोटाखाली घेते. तू तिला उठवलंस."