चिप आणि बिल्ला, दोन्ही हवेत

कुत्र्या-मांजराच्या कातडीखाली ओळखीची चिप बसवलीय, मग गळ्यात नाव-फोनचा बिल्ला कशाला, असं काहीजण विचारतात. अहो, चिप म्हणजे जीपीएस नव्हे! तांदळाच्या दाण्याएवढी ती, बॅटरीसुद्धा नसते. स्कॅनर जवळ नेला की फक्त क्रमांक दिसतो, आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १५ आकडी. तुमचं नाव, फोन हे सगळं नोंदणीत असतं. फोन बदलला आणि नोंद जुनीच राहिली, तर पकडून नेलेलं जनावर निवाऱ्यातच बसून राहतं आणि ठेवण्याची मुदत संपली की दुसऱ्याला दत्तकही दिलं जाऊ शकतं. आमच्या बोक्याच्या वेळी आम्ही हाच घोळ घातला होता. बिल्ला शेजाऱ्यालाही वाचता येतो, एवढं पुरे.

आता दुसरा मुद्दा: कुत्रा कुणाला चावला, तर त्या कुत्र्याला १० दिवस निगराणीखाली ठेवतात, ती शिक्षा नाही. रेबीजचा विषाणू लाळेत यायला लागला की कुत्रा काही दिवसांतच आजारी पडतो. दहा दिवस ठणठणीत राहिला, म्हणजे चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. जखम मात्र साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टर गाठायचा. कुत्र्याचं काय होतंय याची वाट बघत बसायचं नाही.