एमबीबीएसच्या मुलांनी हॉस्पिसमध्ये सेवा करावी का?

ओवी_पुणे: करावी, आणि इंटर्नशिपच्या आधी करावी. हॉस्पिस म्हणजे बरे न होणाऱ्या पेशंटना शेवटच्या दिवसांत सांभाळणारी जागा. आपल्याकडे भावी डॉक्टरची मृत्यूशी पहिली गाठ पडते ती बहुतेकदा कॅज्युअल्टीत: सीपीआर, धावपळ, मग बाहेर येऊन नातेवाइकांशी दोन वाक्यं. हळूहळू येणारं मरण कुणी दाखवतच नाही. वांद्र्याचं शांती आवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस, १९८६ सालचं. अशा ठिकाणी मुलांनी स्वयंसेवक म्हणून जावं. हातात केसपेपर नसला की माणसाशी बोलावंच लागतं.

रेसिडेंट_डॉक्टर: माझा विरोध आहे. वॉर्डात दहा-दहा विद्यार्थी ज्याचं पोट चाचपून गेलेत, त्याला शेवटी तरी अनोळखी चेहऱ्यांपासून सुटका मिळू द्या. आणि मुलं तिथून हळवी होऊन येतील, पण मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदना शमवणारं अफूपासूनचं औषध, लिहून द्यायला शिकतील का? एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा २०१४ मध्ये सुधारला, तरी डॉक्टर अजून कचरतात. आधी त्याचे वर्ग घ्या.

ओवी_पुणे: वर्ग घ्याच. पण व्यसनाची धास्ती वर्गात बसून जात नाही. रात्रभर कण्हणारा माणूस चार-चार तासांनी मॉर्फिनची गोळी मिळू लागल्यावर नातवाला परीक्षेचं विचारतो, हे बघितलं की जाते.

सिस्टर_ताई: मी नर्स आहे. शेवटच्या तासांत घशात घरघर सुरू होते. घरचे ओरडतात, "गुदमरताहेत, सक्शन करा!" नवा डॉक्टर घाबरून घशातला स्राव ओढायला नळी घालतो. तेव्हा पेशंट बहुधा शुद्धीत नसतो. त्याला कुशीवर वळवायचं, ओल्या कापसाने ओठ टिपायचे आणि घरच्यांना समजावून सांगायचं. हे पुस्तकात एका ओळीत असतं. शेजारी बसल्याशिवाय ते अंगात मुरत नाही. मात्र एक दिवस येऊन सर्टिफिकेट मागणारे नकोत, त्यांचा आम्हाला त्रासच होतो.

रेसिडेंट_डॉक्टर: ताई, माझंही तेच म्हणणं आहे. सक्ती केली की सर्टिफिकेटवालेच येणार. केरळात गावोगावचे स्वयंसेवक पेशंटच्या घरी जातात, पण आधी प्रशिक्षण घेऊन. आपल्याकडे एकोणीस वर्षांच्या पोराला थेट खाटेजवळ उभं करणार, आणि तो पेशंट गेल्यावर त्या पोराशी कोण बोलणार?

ओवी_पुणे: हे पटलं. सक्ती नको, प्रशिक्षण आधी, आणि पेशंट नको म्हणाला तर मुकाट परत फिरायचं. पण नुसतं ऐच्छिक ठेवलं तर नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या धास्तीत कुणी फिरकणार नाही. २०१९च्या अभ्यासक्रमात इलेक्टिव्हसाठी, म्हणजे मुलांनी स्वतः निवडायच्या विषयांसाठी, वेळ राखून ठेवला आहे. त्यात हे बसवा, आणि मुलांशी बोलायला हॉस्पिसमधलंच अनुभवी माणूस नेमा.