परदेशी शिफ्ट होतोय, कागदपत्रं मार्गी लागतायत पण मित्रांचं काय करू?

निघालो_एकदाचा
नमस्कार मंडळी. नोकरीसाठी परदेशी शिफ्ट होतोय, व्हिसा आलाय, तिकीट पुढच्या महिन्याचं आहे. बँक, घर रिकामं करणं, सामान या सगळ्याची यादी केलीय आणि ती रडतखडत का होईना संपतेय, पण मित्रांचा निरोप कसा घ्यायचा तेच सुचत नाहीये. ग्रुपवाले म्हणतायत एक जंगी पार्टी दे आणि मोकळा हो. पण गर्दीत मी धड कुणाशीच बोलत नाही, नुसता ग्लास धरून फिरतो. त्यात माझा शाळेपासूनचा मित्र, सगळ्यात जवळचा, हल्ली फोनच उचलत नाही, उचलला तर फालतू गोष्टीवरून वाद, नाहीतर "आता काय बाबा, मोठी माणसं तुम्ही" असले टोमणे. राग पण येतो आणि वाईट पण वाटतं. कुणी यातून गेलंय का? आणि तयारीत हमखास राहून जाणारं काही असेल तर तेही सांगून ठेवा.

दोन_बॅगा
आधी रुक्ष गोष्टी सांगते, त्या उरकल्या तरच शेवटचा आठवडा माणसांसाठी मोकळा मिळतो. पासपोर्टची मुदत बघ, बऱ्याच देशांना किमान 6 महिने शिल्लक लागतात. डिग्री, जन्मदाखला, लग्न झालं असेल तर तो दाखला, यांचं अपोस्टिल (म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का) करून घे, 1961 च्या हेग करारातल्या देशांत ते चालतं. तू जातोयस तो देश करारात नसेल तर वकिलातीकडून अटेस्टेशन लागेल आणि दोन्ही प्रकारांना वेळ जातो, तिकडे पोचल्यावर हे करत बसणं म्हणजे नसता ताप. ओटीपी येणारा नंबर बंद पडू देऊ नकोस, रोमिंगवर मेसेज येतात का ते निघायच्या आधीच विचारून घे. डॉक्टरकडून औषधांच्या चिठ्ठीवर मूळ औषधाचं नाव लिहून घे, ब्रँडची नावं देशागणिक बदलतात, आणि इथे सर्रास मिळणारं एखादं औषध तिथे चक्क बंदी असलेलं निघू शकतं. पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकू नकोस, केबिनमध्येच न्यायची, तीही 100 वॉट-अवरच्या आतली असलेली बरी. आणि 32 किलोच्या वरची एक बॅग बहुतेक एअरलाइन घेतच नाहीत, म्हणून मित्रांना आत्ताच सांग की भेट म्हणून फ्रेम, शोपीस, मूर्ती काहीही नको. न सांगितल्यास काय होतं ते माझ्या आईच्या माळ्यावर बघायला मिळेल.

उंटावरचा_शहाणा
दोन_बॅगांनी कागदाचं सगळं सांगितलंय, मी मित्राबद्दल बोलतो. तो रागावलेला नाहीये रे, त्याची आत्तापासूनच सवय चाललीय तू नसण्याची. डेव्हिड पोलॉक नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने देशोदेशी राहणाऱ्या कुटुंबांसोबत बरंच काम केलंय, त्याचं म्हणणं असं की माणूस निघायच्या आधीच नाती सैल व्हायला लागतात, दोन्हीकडून, आणि भांडून वेगळं होणं त्यातल्या त्यात सोपं वाटतं. त्याने निघण्याआधीची 4 कामं सांगितलीत: मिटवायचं ते मिटवा, ज्यांचे उपकार आहेत त्यांना तसं सांगा, नीट निरोप घ्या आणि मग पुढच्या ठिकाणाचा विचार करा. आपण काय करतो, तर चौथ्यापासून सुरुवात करतो आणि पहिलं राहूनच जातं. मनात काही ठेवून गेलास तर तिकडे ते जास्त टोचतं, कारण सहज जाऊन भेटायची सोय नसते.
पण म्हणून त्याला समोर बसवून "आपण बोलूया का" वगैरे करू नकोस, पळून जाईल. त्याला काम दे. घर रिकामं करायला बोलव. हात कामात असले की तोंड आपोआप उघडतं.
आणि पार्टी कर की, ज्यांना वेगळं भेटणं जमणार नाही त्यांच्यासाठी. फक्त ती शेवटच्या रात्री नको, त्या रात्री तू बॅगेचं वजन करत बसलेला असशील.

सरळसोट
थोडं कडू बोलतो. सगळे मित्र टिकणार नाहीत, टिकवायचा अट्टाहासही करू नये. पंधरा जणांना "रोज बोलू" म्हणून जायचं आणि महिन्याभरात तोंड चुकवायचं, त्यापेक्षा दोघांतिघांशी काय ते ठरवा. जेफ्री हॉल या अमेरिकन संशोधकाचा 2018 चा एक अभ्यास आहे, त्यात नुसत्या ओळखीची मैत्री व्हायला साधारण 50 तास सोबत घालवावे लागतात आणि जवळची मैत्री व्हायला 200 च्या वर, असं दिसलं. आता हे तास आणायचे कुठून? प्रत्येक वीकेंड जुन्या ग्रुपच्या व्हिडिओ कॉलवर गेला तर तिथे कोण भेटणार तुम्हाला? मी ज्यांना ज्यांना परत येताना पाहिलं त्यातले बरेच जण कामाला कंटाळून नाही आले, एकटे पडले म्हणून आले.

उंटावरचा_शहाणा
@सरळसोट पटतंय, पण आमचा माणूस अजून निघाला पण नाहीये, त्याला आत्तापासून परत कशाला आणताय!

दोन_बॅगा
कॉलचं एक सांगायचं राहिलं. "निवांत बोलू" म्हटलेला कॉल कधीच होत नाही, वार आणि वेळ ठरवून टाका. आणि तिकडे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत असतील तर वर्षातून दोनदा तासाचा घोळ होतो, त्या आठवड्यात हमखास कुणीतरी झोपेतून उठून फोन घेतं.

निघालो_एकदाचा
सगळ्यांचे आभार. अपोस्टिल माझ्या यादीत नव्हतंच, उद्याच जातो. पार्टी आता दहा दिवस आधी ठेवतोय. आणि मित्राला मेसेज टाकला, "रविवारी ये, कपाट खाली आणायचंय, एकट्याने होणार नाही." दोन तास नुसती निळी टिक. मग उत्तर आलं, "येतो. पण पुस्तकं मी नेणार, सगळी."

दोन_बॅगा
देऊन टाक रे, तशीही वजनात बसणार नाहीत.