कॉर्न स्नेक वर्षातून कधी घ्यावा? (वर्धा जिल्हा, टिनाचं घर)

पऱ्हाटी_वर्धा
नमस्कार मंडळी. कॉर्न स्नेक या बिनविषारी पाळीव सापाचं पिल्लू घ्यायचं ठरलं आहे. गाव वर्धा जिल्ह्यात. घराचा पुढचा भाग टिनाखाली, मागची खोली मातीच्या भिंतींची. लाइन रोज जाते, हिवाळ्यात रात्रीसुद्धा. एक विक्रेता म्हणतो नागपंचमीच्या आत घ्या, स्वस्त देतो. दुसरा म्हणतो बारा महिने कधीही घ्या. आपल्या हवेचा हिशोब धरला तर कोणता महिना बरा? आणि पिल्लू पाहताना नेमकं काय पाहायचं?

धानपट्टा
भाऊ, दिवाळीनंतर घ्या. हिशोब नवतप्यापासून उलटा मोजायचा. मे अखेरीस आपल्याकडे पारा ४५ च्या पुढं जातो, तेव्हा साप किमान सात-आठ महिन्यांचा, भरलेला आणि नेमानं खाणारा असला पाहिजे. एवढ्याशा अंगाचं पिल्लू तापायला आणि सुकायला वेळ लागत नाही, मोठा साप तग धरतो.

आता पिल्लं येतात कधी ते पाहा. हा साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. हिवाळ्याची सुस्ती उतरली की मार्च ते मे जोड्या जमतात, महिन्याभरानं मादी साधारण १० ते ३० अंडी घालते आणि २७-२८ अंशांत ती ६० ते ६५ दिवसांत फुटतात. म्हणजे बहुतेक पिल्लं जुलै ते सप्टेंबरमधली. थंड खोली वापरून हा क्रम मागंपुढं करता येतो, त्यामुळे विक्रेत्याला महिना नाही, अंडं फुटल्याची तारीख विचारा.

अंड्यातून निघाल्यावर आठवडा-दहा दिवसांनी पहिली कात पडते. तोवर पिल्लू पोटातल्या बलकावर असतं, खात नाही. नागपंचमीला स्वस्तात मिळणारं पिल्लू बहुतेकदा याच अवस्थेतलं असतं. त्यातली काही पिल्लं उंदराचं पिल्लू तोंडातच घेत नाहीत, कारण रानात त्यांचं पहिलं भक्ष्य छोटे सरडे आणि झाडावरचे बेडूक. असं न खाणारं पिल्लू काही आठवडे टवटवीत दिसतं आणि मग ढासळतं. विक्रेत्याला ते ढासळायच्या आत विकायची घाई असते. म्हणून अट एकच ठेवा: सलग पाच वेळा खाल्लेलं पाहिजे, तेही गोठवून वितळवलेलं उंदराचं पिल्लू, आणि एकदाही ओकलेलं नसावं. पाच-सात दिवसांनी एक जेवण धरलं तर याला पाच-सहा आठवडे लागतात. ऑगस्टचं पिल्लू ऑक्टोबरच्या मध्यावर या अटीत बसतं, तोवर ऑक्टोबरचं ऊनही उतरतं.

पाहताना पाठीचा कणा टोकदार वर आलेला नसावा, शरीर गोल असावं. गुदद्वार कोरडं आणि स्वच्छ हवं. तोंडाला बुडबुडे किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज असेल तर सोडून द्या. पाण्याच्या वाटीत काळे बारीक ठिपके तरंगताना दिसले तर ते सापाच्या अंगावरचे माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे. शक्यतो तुमच्यासमोर एकदा खायला घालायला लावा, पण त्या दिवशी घेऊन येऊ नका. भरल्या पोटी प्रवास झाला की ओकतं. दोन-तीन दिवसांनी जाऊन आणा. कापडी पिशवीला गाठ मारून ती भोकांच्या डब्यात ठेवायची. पार्सलनं मागवू नका, आणि उन्हात उभ्या गाडीत डबा पाच मिनिटंही ठेवू नका.

टिनाखालची_सावली
धानपट्टाभाऊंचं बाकी सगळं मान्य, पण नोव्हेंबरला माझी एक अट आहे. उबेची सोय आधी उभी नसेल तर दिवाळीनंतर घेऊ नका, सरळ फेब्रुवारीच्या मध्यावर घ्या. कारण लगेच पुढं डिसेंबर-जानेवारी येतात. नागपूर-गोंदियाकडे रात्री पारा १० च्या खाली उतरतो आणि टिनाखाली तर गारवा थेट अंगावर येतो.

या सापाला उबेची बाजू २९ ते ३१ अंश आणि गार बाजू २२ ते २४ अंश लागते. खाल्ल्यावर अंग थंड पडलं की पचन थांबतं, पोटातला उंदीर सडायला लागतो आणि पिल्लू तो ओकून टाकतं. उलटीबरोबर पाचक रस आणि अंगातलं पाणीही जातं. लगेच पुन्हा खायला घातलं की परत ओकतं, आणि तीन-चार वेळा असं झालं की पिल्लू हाताशी राहत नाही. एकदा ओकलं तर १० ते १४ दिवस काहीच देऊ नका, फक्त पाणी. नंतर निम्म्या आकाराचं भक्ष्य द्या.

सोय म्हणजे डब्याच्या तळाच्या एक तृतीयांश भागाखाली, बाहेरून, हीट मॅट (विजेवर तापणारी चटई). तिला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला मॅट बंद-चालू करणारं यंत्र, हवाच. नुसती मॅट लावली तर तळ ४० च्या वर जाऊन पोट भाजतं, आणि पाठीला गार वाटत असल्यानं साप तिथून हलत नाही. थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी तार डब्याच्या आत, तळाला चिकटवून. छोटी मॅट १०-१५ वॅटची असते, घरच्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालते. इन्व्हर्टर नसेल तर लाइन गेल्यावर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून डब्याच्या बाहेर टेकवा आणि वरून घोंगडी टाका, हवेची भोकं मोकळी ठेवून. लाइनचा भरवसा नसलेल्या आठवड्यात खायलाच घालू नका. दहा-बारा दिवस उपाशी राहिल्यानं निरोगी पिल्लाला काही होत नाही. भरल्या पोटी गारठल्यानं होतं.

उन्हाळ्यात मातीच्या खोलीतच ठेवा. ३४-३५ अंशांवर मॅट बंद ठेवूनही त्याला त्रास सुरू होतो. गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून डब्याला बाहेरून लावा, आत अंग बुडेल एवढी पाण्याची वाटी ठेवा. कूलर चालेल, पण झोत डब्यावर नको आणि समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते. सतत ओल्या बिछान्यानं पोटाचे खवले कुजतात. पावसाळ्यात तर हे हमखास होतं.

बिछान्याला वर्तमानपत्राच्या पट्ट्या सगळ्यांत चांगल्या. वखारीतला सागाचा भुसा नको, त्याची धूळ नाकातोंडात जाते. धानाचं तूसही नको, ते टोचतं.

कवड्या_की_मण्यार
महिन्याआधी एक गोष्ट तपासा: मिळतंय ते खरंच कॉर्न स्नेक आहे का. आपल्याकडचा तस्कर जातीचा साप पकडून त्या नावानं खपवता येतो. कॉर्न स्नेकच्या पाठीवर नारिंगी-तांबडे, काळ्या कडेचे डाग मानेपासून शेपटीपर्यंत सलग असतात, आणि पोटावर मक्याच्या रंगीत कणसासारख्या काळ्या-पांढऱ्या चौकटी. तस्कराच्या पुढच्या अंगावर काळ्या आडव्या पट्ट्यांत पांढरे ठिपके दिसतात, मागच्या अंगावर दोन्ही बाजूंनी गडद उभे पट्टे. काळा रंगच नसलेल्या कॉर्न स्नेकमध्ये चौकटी नारिंगी-पांढऱ्या असतात, त्यानं गोंधळू नका.

कायद्याचं असं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्या रानातला साप धरून पाळणं गुन्हा आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यामुळे साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतले परदेशी प्राणी चौथ्या अनुसूचीत आले आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. बॉल पायथन हा आफ्रिकेतला अजगर त्यात येतो. कॉर्न स्नेक साइट्सच्या यादीत नाही. तरी बिल, अंडं फुटल्याची तारीख आणि पिल्लू इथंच जन्मल्याचं लेखी घ्या, आणि पैसे देण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात विचारून या. ‘परदेशी आहे, कागद लागत नाही’ म्हणणाऱ्याकडून घेऊच नका.

दुसरं, झाकणाला कुलूप किंवा क्लिप. पेन्सिलीएवढ्या फटीतून पिल्लू निसटतं. गावात हा साप दिसला तर लोक त्याला घोणस समजून काठी घालतील, डाग तसेच वाटतात. त्याहून मोठी भीती उलट आहे: घरातल्या लेकराला डागाळलेला साप हातात घ्यायची सवय लागली तर ते एखाद दिवशी घोणशीचं पिल्लू उचलेल. पहिल्या दिवसापासून शिकवा की डब्याबाहेर दिसलेला कोणताही साप आपला नाही, मोठ्या माणसाला हाक मारायची.

पऱ्हाटी_वर्धा
खूप उपयोगी माहिती दिलीत. म्हणजे मॅट-थर्मोस्टॅट आधी, मग नोव्हेंबर. एक राहिलं: शेतात उंदीर भरपूर आहेत, त्यांची पिल्लं चालतील का? गोठवलेली नागपूरहून आणावी लागतील.

धानपट्टा
नाही, शेतातली अजिबात नको. वावरात झिंक फॉस्फाइडचं आमिष पडतं, दुकानात ब्रोमाडायोलोनच्या वड्या मिळतात. विष खाल्लेला उंदीर सुस्त होतो आणि तोच सहज हाती लागतो. शिवाय जंत वेगळे.

पैदाशीतलीच आणा. हे कामही थंडीतच सोपं. थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घालून दोन-तीन महिन्यांचा साठा एका खेपेत येतो, मे महिन्यात तो रस्त्यातच वितळतो. सुरुवातीला दोन-तीन ग्रॅमची, केस न आलेली गुलाबी पिल्लं, आठवड्याला एक. जाडी सापाच्या सगळ्यांत जाड भागाएवढी, फार तर सव्वापट. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवा, मग पिशवीत घालून ४० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. लाइन जाऊन एकदा पूर्ण वितळलेलं पुन्हा गोठवू नका.

घरी आणल्यावर पहिले सात दिवस हात लावू नका, खायला घालू नका. आठव्या दिवशी उंदराचं पहिलं पिल्लू द्या, त्यानंतर ४८ तास पुन्हा हात नाही. आणि पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) फवारणीची औषधं, पंप, फवारणीचे कपडे यांतलं काहीही त्या खोलीत ठेवू नका. मच्छर अगरबत्तीही नाही.