अनुभव धागा : तुमचा पहिला ऑनलाइन धडा

मंडळी, काल लॅपटॉप आवरताना 'धडे २०२०' नावाचं फोल्डर सापडलं. आत ४१ फाइली. पहिली उघडली, तर सुरुवातीची दीड मिनिटं मी फक्त "ऐकू येतंय ना? सगळ्यांना दिसतंय ना?" एवढंच विचारतेय. रेकॉर्डिंग होतं हो ते! कोणाला विचारत होते देव जाणे.

तसं 'दीक्षा' हे सरकारी अभ्यासाचं ॲप २०१७ पासून होतं, पाठ्यपुस्तकातल्या चौकोनी कोडांची काही शिक्षकांना सवयही होती. पण बहुतेकांनी स्वतः धडा करून चढवला तो मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावरच. त्या पहिल्या धड्याचं काय झालं ते लिहा. कसा केला, कोणी बघितला, बघून काय केलं. शिक्षकच असायला पाहिजे असं नाही. नियम दोन: शाळेचं, कंपनीचं, साहेबाचं नाव नको. आणि 'तंत्रज्ञान ही काळाची गरज आहे' असं लिहील त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा.

चतकोर

जिल्हा परिषदेची शाळा. अगदी दुर्गम नाही, पण एसटी दिवसातून दोनदाच. चौथीचा वर्ग, मुलं २३. अँड्रॉइड फोन ११ घरांत, आणि ते अकराही फोन सकाळी सातला बापाच्या खिशातून कामावर जायचे. म्हणजे माझा वर्ग भरणार रात्री आठनंतर, तोही दिवसाच्या नेटमधून बापानं काही शिल्लक ठेवलं तर.

पहिला धडा अपूर्णांकांचा. २२ मिनिटं! पीपीटी, लाल-निळी वर्तुळं, अंश म्हणजे काय, छेद म्हणजे काय. पुस्तकातलं एक अक्षर सोडलं नाही, कारण सुटलं तर कोणीतरी बोट ठेवणार. एका मंचावर तपासणीला पाठवला. शेरा मारून परत आला: 'पार्श्वभूमीला कोंबड्याचा आवाज.' कोंबडा शेजारचा. पहाटे पाचला रेकॉर्डिंग करत होते, नंतर घरात शांतता कुठली? मग रात्री अकराला पुन्हा केलं, मंजूर झालं. महिन्याभरात पाहणारे १४. त्यातली मी किती वेळा, ते विचारू नका.

मग एका संध्याकाळी एका मुलीच्या घरी वही बघायला गेले. मास्क लावून, दारातच उभी. तिची आई चुलीपुढे भाकरी थापत होती. मोठ्या पोराला म्हणाली, "चतकोर राहिलीय बघ, संपव." मी तिथंच गप्प झाले. ही पोरं एक छेद चार रोज खातात, आणि मी त्यांना लाल-निळी वर्तुळं पाठवतेय.

दुसरा धडा स्वयंपाकघरात केला. दोन स्टीलच्या डब्यांवर फूटपट्टी आडवी, पट्टीवर मोबाईल पालथा, खाली परात, परातीत भाकरी. मधोमध मोडली: अर्धी. अर्धीची अर्धी: चतकोर. तीन चतकोर एकाशेजारी एक: पाऊण. झाला धडा. ३ मिनिटं १० सेकंद. मध्येच माझ्या मुलाचा हात येतो आणि एका चतकोराचा कोपरा मोडून घेऊन जातो. तेवढं कापायचं होतं, पण तेव्हा मला व्हिडिओ कापता येत नव्हता, म्हणून तसाच व्हॉट्सॲपवर टाकला.

पोरं तोच तुकडा मागे घेऊन घेऊन बघायची. दुसऱ्या दिवशी एकाचा आवाजातला निरोप आला, जेवता जेवता बोलत होता: "बाई, दादानं मोडली ती आता चतकोर नाय ऱ्हायली. मग ती किती?"

त्या 'मग ती किती'वर आमचे चार दिवस गेले. पीपीटीत 'समान भाग' हे शब्द मी ठळक अक्षरांत टाकले होते. कोणालाही आठवत नव्हते.

पाटीपेन्सिल

@चतकोर, डबे-पट्टी आमच्याकडेही होती! पुण्यातल्या एका रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी हँगरला मोबाईल टांगून फळा दाखवला होता, तो फोटो २०२० मध्ये सगळीकडे फिरला. तो बघून मी हँगर आणला. पंखा लावला की फळा झोपाळ्यावर बसल्यासारखा दिसायचा. परत डबे.

अर्धविराम

मी कॉलेजात मराठी शिकवते. माझा किस्सा व्हिडिओचा नाही, प्रश्नमंजुषेचा.

आधी तर वीस वर्षांच्या नोट्स. सगळ्या जुन्या फाँटातल्या. एलएमएसवर, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन वर्गाच्या संकेतस्थळावर, चिकटवल्या तर कंस, उद्गारचिन्हं आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. दिवाळीची अख्खी सुट्टी त्या युनिकोडमध्ये आणण्यात गेली. कन्व्हर्टरनं बऱ्याच ठिकाणी रफार उडवला होता, तो हातानं बसवला.

मग प्रश्न टाकला, एका शब्दात उत्तर द्या. उत्तर होतं 'किनाऱ्यावर'. साठातल्या जवळपास निम्म्या मुलांना शून्य. मुलं भडकली, आणि बरोबरच होतं त्यांचं: त्यांचा 'किनाऱ्यावर' आणि माझा 'किनाऱ्यावर' शेजारी ठेवून बघितला, काडीचा फरक नाही. दोन दिवसांनी भाच्यानं उलगडून सांगितलं. आपला हा ऱ्य दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात मुळातच खाली टिंब असलेला ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला एकच, यंत्राला दोन वेगळे शब्द. मी घरच्या कीबोर्डवर एक टंकलेला, पोरांच्या फोनवर दुसरा उमटत होता.

आता प्रत्येक प्रश्नाला सगळी चालतील अशी उत्तरं आधीच भरून ठेवते. आकड्यांचंही तेच, '१२' देवनागरीत आणि इंग्रजीत, दोन्ही. शुद्धलेखनात आयुष्यभर 'एकच रूप बरोबर' म्हणून भांडले आणि आता हे!

क्यूआरग्रस्त

परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. पुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचं त्यांचं काम सगळ्यांनी वाचलं, आणि आमच्या केंद्रात कोडांची लाट आली. मी वर्गाच्या भिंतीवर ३० कोड डकवले, प्रत्येकामागे एक कविता चालीसकट. एक चक्क पाण्याच्या टाकीवर. फुकटच्या एका संकेतस्थळावर बनवलेले. महिनाभरानं तपासणीला साहेब आले, कौतुकानं मोबाईल काढून टाकीवरचा कोड स्कॅन केला. उघडली रमीची जाहिरात. फुकटची मुदत संपली होती!

कोड बनवताना पत्ता थेट कोडातच भरा. मधल्या कोणाच्या लिंकवरून नेणारा घेऊ नका. एवढंच.

एकटाकी

मोडी शिकवतो, हौस म्हणून. लॉकडाऊनमध्ये फुकट वर्ग सुरू केला तर नाशिक, बडोदा, तंजावर कुठून कुठून लोक आले. तंजावरच्या ग्रंथालयात मोडी कागद आहेतच, त्यामुळे तिकडच्या मंडळींना खरी गरज होती.

मोडी नुसती छापील बघून येत नाही. आधी आडवी ओळ मारायची आणि मग खाली अक्षरं लोंबवत जायची, टाक शक्यतो न उचलता. हात कुठून कुठं वळतो ते दिसलं पाहिजे. म्हणून मोबाईल समोर ठेवून मुळाक्षरं लिहून दाखवली, सुबक, सावकाश. आठवड्यानं गृहपाठ आले. चौदा जणांनी अतिशय मन लावून उलटी अक्षरं गिरवली होती.

पुढचा कॅमेरा वापरला होता आणि माझ्या फोननं चित्र आरशातल्यासारखं साठवलं होतं. देवनागरी असती तर कोणीही पहिल्या मिनिटाला ओरडलं असतं. मोडी असल्यानं बिचाऱ्यांना वाटलं, अशीच असते.

एका काकूंनी अजून ती वही जपून ठेवलीय. म्हणतात, उलट मोडी येणारी जगात मी एकटीच.

हातचा_एक

माझा दशमान अपूर्णांकांचा धडा दुसऱ्याच जिल्ह्यात, दुसऱ्याच्या नावानं फिरताना दिसला. आवाज माझा, नाव त्यांचं. वापरा हो, खुशाल वापरा, धडा त्यासाठीच खुल्या परवान्यात टाकला होता. पण त्याच परवान्यात मूळ नाव द्यायचं असंही असतं. सुरुवातीची चार सेकंदं कापायला जेवढी मेहनत लागली त्यापेक्षा ती तशीच ठेवायला कमी लागली असती. तेव्हापासून मधूनच कुठेतरी स्वतःचं नाव घेते. "आता हातच्या एकबाईंनी काय केलं?" असं. काप म्हणावं.

सांगलीची_सून

न्यू जर्सीत रविवारी मराठी शाळेत शिकवते. वर्ग ऑनलाइन गेला तेव्हा वाचनाचा धडा केला, आवाज यंत्राचा वापरला, म्हटलं माझ्या घसा बसलेल्या आवाजापेक्षा बरा. 'गाईने चारा खाल्ला' हे वाक्य. यंत्रानं 'चार'मधला च लावून 'चारा' म्हटलं. मुलांनी तसंच पाठ केलं. इकडच्या मुलांना आपले दोन च वेगळे आहेत हे कानानंच कळायला लागतं, लिहिण्यात फरक नाही ना. 'जग बघ' आणि 'सुखानं जग', तीच गत.

सासूबाईंना सांगलीला फोन केला. त्यांनी ६० शब्द फोनवर म्हणून पाठवले, एकेक, मागे कुकरच्या शिट्ट्यांसकट. मुलं 'चमचा' अगदी सांगलीचा म्हणतात आता.

पाटीपेन्सिल

@चतकोर, तो भाकरीचा धडा परत नीट करून टाकलात का? मोडलेला कोपरा काढून?

चतकोर

छे. दरवर्षी तोच दाखवते, कोपऱ्यापाशी थांबवते आणि विचारते. मुलगा आता नववीत आहे. मिशी फुटतेय आणि तो व्हिडिओ काढून टाक म्हणून मागे लागलाय.